सही करू नका, अर्ज मात्र द्या

पत्र, थोडक्यात:

‘माझी मुलगी नाशिकच्या एका खासगी शाळेत दुसरीत आहे. वर्गात ४६ मुलं, त्यातला एक मुलगा ऑटिस्टिक (स्वमग्न). माझी मुलगी “शहाणी” आहे म्हणून बाईंनी पहिलीपासून तिलाच त्याच्या शेजारी बसवलंय. त्याची वही काढून देणं, रांगेत त्याचा हात धरणं, डब्याचं झाकण उघडून देणं ही तिची कामं. गेल्या आठवड्यात गॅदरिंगच्या तालमीत तो तिच्या मनगटाला कडकडून चावला. त्याच संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी तो जमिनीवर लोळत असतानाचा व्हिडिओ टाकला. आता “या मुलाला विशेष शाळेत पाठवावं” असा अर्ज मुख्याध्यापिकांना द्यायचं चाललंय. २९ सह्या झाल्यात. मिस्टर म्हणतात, चावा आपल्या मुलीला घेतलाय, पहिली सही आपली हवी. मला मात्र त्या मुलाच्या आईचा चेहरा आठवतो आणि पेन उचलवत नाही. पण माझ्या मुलीचं काय? तिची काळजी करते म्हणजे मी स्वार्थी आहे का?’

— एक आई, नाशिक

ताई,

आधी लेकीच्या मनगटाचं बोलू. कातडी फुटली असेल आणि अजून डॉक्टरांना दाखवलं नसेल, तर आजच दाखवा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा. आणि तिला जवळ घेऊन स्पष्ट सांगा, की तुला लागलं, असं व्हायला नको होतं आणि यात तुझी काहीही चूक नाही. मोठी माणसं अशा वेळी ‘अगं, त्याला कळत नाही, जाऊ दे’ म्हणून मोकळी होतात. पोरीच्या मनात एवढंच उरतं, की आपलं दुखणं बोलून दाखवायचं नसतं. ते तिच्या मनात राहू देऊ नका.

तुम्ही स्वार्थी नाही. आपल्या मुलाला कुणी चावलं तर कुठल्याही आईचा जीव खालीवर होतो. माझाही झाला असता.

मी या विषयात तिऱ्हाईत नाही, हे आधीच सांगून टाकते. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, आता तेवीस वर्षांचा. तो दुसरीत होता तेव्हा त्याच्या विरोधात असाच एक अर्ज फिरला होता. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला, त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मुख्याध्यापकांनी मला बोलावून तो कागद टेबलावर ठेवला आणि ‘तुम्हीच समजून घ्या’ म्हणाले. मी समजून घेतलं आणि दाखला काढला. त्या कागदावर कुणाकुणाच्या सह्या होत्या ते मला अजून पाठ आहे. त्यातल्या दोन बायका दर गुरुवारी माझ्याबरोबर भाजी घ्यायला यायच्या. म्हणून मी जे लिहिणार आहे ते कुणाच्या बाजूने आहे हे तुम्हाला कळेलच. तरीही तुमच्या पत्रातली तक्रार मला खरी वाटते. चुकलीय ती त्या अर्जातली मागणी.

तुमच्याच पत्रातला एक शब्द पुन्हा वाचा: ‘शहाणी’. सात वर्षांच्या मुलीला शाळेने दीड वर्ष एक नोकरी लावलीय, बिनपगारी. जे काम प्रशिक्षण घेतलेल्या मोठ्या माणसाने करायचं, ते दुसरीतली पोर करतेय. अशी एक ‘शहाणी’ मी वर्गावर्गात पाहिलीय आणि ती बहुतेक वेळा मुलगीच असते. एकट्या बाईंवर मी दोष टाकणार नाही. ४६ मुलांच्या वर्गात त्यांना हात पुरत नसणार. शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितलाय, तुमच्या वर्गात दीडपट मुलं आहेत. पण त्यांना कमी पडणारे हात तुमच्या मुलीच्या मनगटातून का काढायचे?

आता त्या दिवशी काय झालं असेल ते पाहू. मी तिथे नव्हते, पण गॅदरिंगच्या तालमी मी पुष्कळ पाहिल्यात. पत्र्याच्या शेडमध्ये नाहीतर हॉलमध्ये स्पीकर लावलेला, गाणं मध्येच थांबवून पुन्हा पहिल्यापासून लावणं, बाईंची शिट्टी, दोनशे मुलांचा कालवा. रोजचे तास मोडलेले, त्यामुळे पुढे काय होणार ते कुणालाच ठाऊक नाही. बऱ्याच ऑटिस्टिक मुलांना आवाज, उजेड, स्पर्श आपल्यापेक्षा कितीतरी तीव्र जाणवतात. प्रेशर कुकरची शिट्टी कानाशी वाजतेय आणि बंदच होत नाही, असं काहीतरी. आधी मूल कान झाकतं, हात हलवतं, येरझाऱ्या घालतं, कधी एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणतं. हे सगळं ‘मला इथून बाहेर काढा’ असं सांगणंच असतं. ते कुणी ऐकलं नाही, आणि अशा क्षणी कुणी हात धरून उलट रांगेकडे ओढलं, की मूल सुटण्यासाठी जे जमेल ते करतं. तुमची लेक तिला सांगितलेलं कामच करत होती. तो सुटू पाहत होता. त्या दोघांमध्ये एक मोठं माणूस हवं होतं आणि ते नव्हतं.

याला पालक मेल्टडाऊन म्हणतात. तो हट्ट नव्हे. हट्टी मूल डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत असतं, की आई बघतेय का. मेल्टडाऊनमध्ये मुलाला आईसुद्धा दिसत नाही. (आपल्याकडे ऑटिझमला ‘स्वमग्नता’ हा शब्द रूढ झालाय. मला तो कधीच पटला नाही. माझा मुलगा स्वतःत मग्न वगैरे कधी नव्हता. बाहेरचं जग त्याच्यात फार जोरात शिरायचं, आणि तो दार लावून घ्यायचा.)

आता त्या २९ सह्यांकडे वळू. कायदा वापरून कुणाला धमकावू नका, पण तो माहीत असू द्या, म्हणजे ग्रुपवर बोलताना पाय डळमळणार नाहीत. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. त्याच्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांच्या यादीत ऑटिझम आहे. त्याचं कलम १६ सरकारी अनुदान किंवा सरकारी मान्यता असलेल्या शाळांबद्दल बोलतं, त्यामुळे मान्यताप्राप्त खासगी शाळाही त्यात आली. भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि त्या मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी करून द्यायच्या, असं ते कलम सांगतं. शिवाय ज्याच्याकडे ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आहे, अशा सहा ते अठरा वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. दोन्हींतली कुठली, ते त्या मुलाच्या घरच्यांनी ठरवायचं. ते तुम्ही, मी किंवा वर्गातल्या २९ घरांनी ठरवायचं नाही.

ग्रुपवर जे बोललं जात असेल त्याचाही मला अंदाज आहे. ‘त्याच्याच भल्यासाठी सांगतोय’ हे वाक्य तर नक्की आलं असेल. हे म्हणणाऱ्यांनी विशेष शाळा आतून पाहिलीय का, असं एकदा शांतपणे विचारा. आपल्याकडच्या बऱ्याच विशेष शाळा बौद्धिक अक्षमतेच्या मुलांसाठी सुरू झाल्या. निव्वळ ऑटिझमसाठीच्या संस्था थोड्या आणि त्या मोठ्या शहरांत. दिल्लीची ॲक्शन फॉर ऑटिझम १९९१ मध्ये मेरी बरुआंनी सुरू केली, त्या स्वतः ऑटिस्टिक मुलाच्या आई. पुण्यात प्रसन्न ऑटिझम सेंटर आहे. मुंबईत उम्मीद आहे, तिथे ऑटिझमबरोबर मुलांच्या विकासातल्या इतर अडचणींवरही काम होतं. या संस्था मोलाचं काम करतात. पण ‘पाठवून द्या’ म्हणणाऱ्याच्या डोक्यात त्या नसतात. त्याच्या डोक्यात फक्त ‘इथून’ हा शब्द असतो.

‘आमच्या मुलांचा अभ्यास मागे पडतो’ हेही आलं असेल. वर्गात दिव्यांग मूल असल्यामुळे बाकीच्यांच्या अभ्यासाचं नुकसान होतं, असं या विषयावरच्या अभ्यासांमध्ये एकंदरीने दिसलेलं नाही. पण मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. एक बाई, ४६ मुलं आणि आधार शून्य, अशा वर्गात प्रत्येक वेळी सगळं थांबणार आणि सगळ्यांचाच तास बुडणार, त्याचाही. म्हणून मागणी मदतनीसाची करायला हवी.

आणि आम्ही ऑटिस्टिक मुलांचे पालक यावर एकमताचे आहोत, असं समजू नका. थेरपी सेंटरच्या बाहेरच्या बाकावर मी आयुष्याची सात-आठ वर्षं काढली. तिथे हा वाद रोज व्हायचा. एका आईने मुलाला तिसरीत नेहमीच्या शाळेतून काढून विशेष शाळेत घातलं. ती सांगायची, ‘तीन वर्षं त्याने शाळेत डबा खाल्ला नव्हता. आता रिकामा आणतो. मला दुसरं काही नको.’ तिच्यासमोर समावेशाची, म्हणजे सगळी मुलं एकाच वर्गात शिकावीत ही, तत्त्वं सांगायला माझी जीभ कधी वळली नाही. दुसरी आई तेवढ्याच जिद्दीने म्हणायची, की तो मोठा झाल्यावर याच गावात, याच लोकांत राहणार आहे, मग या लोकांनी त्याला लहानपणापासून ओळखायला नको का? तिने शॅडो टीचरचा, म्हणजे वर्गात फक्त त्याच्यासाठी बसणाऱ्या मदतनीसाचा, पगार स्वतःच्या खिशातून भरला, नवऱ्याच्या पगाराचा मोठा भाग त्यात जायचा. तिसरी तालुक्याच्या गावाकडून एसटीने यायची. तिचा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत होता, पटावर अठरा मुलं, गुरुजी गावातलेच. परिपाठाला तो ओळीत उभा राहत नसे, तर गुरुजींनी त्याला घंटा वाजवायचं काम दिलं. घंटा केव्हा वाजणार हे त्याला स्वतःलाच ठाऊक असल्यामुळे त्याला त्या आवाजाचं भय उरलं नाही. कुठलं प्रशिक्षण नव्हतं, नुसतं लक्ष होतं. आम्ही शहरातल्या दोघी-तिघी तिच्याकडे हेव्याने बघायचो.

आणि आमच्यातल्या बहुतेकींचं एक वाक्य सारखं असायचं: ‘शाळेत त्याला बसवून घेतात हो.’ बसवून घेतात, म्हणजे काढत नाहीत आणि शिकवतही नाहीत. शेवटच्या बाकावर, खिडकीशी, वर्षभर. याला कुणी समावेशित शिक्षण म्हणत असेल तर ती मुलाची फसवणूक आहे आणि बाईंचीही. तुमच्या वर्गातल्या त्या मुलाची आई कदाचित स्वतःही विशेष शाळेचा विचार करत असेल. तो निर्णय तिने घरी, मुलाकडे बघून घ्यावा. ग्रुपला घाबरून घेऊ नये. माझा निर्णय तसा झाला आणि तो योग्य होता की अयोग्य हे मला आजही कळत नाही, कारण तो मी घेतलाच नव्हता.

तर तुम्ही काय करायचं? सही करू नका, पण गप्पही बसू नका. वेगळा अर्ज तुम्ही द्या, पहिली सही तुमची. ज्या मुलीला चावा बसला तिची आईच हा अर्ज देतेय, यालाच वजन आहे. मी किंवा त्या मुलाच्या आईने दिला असता तर तो रडगाण्यात जमा झाला असता. मुख्याध्यापिकांच्या नावे लिहा आणि एक प्रत पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीला द्या. भाषा साधी ठेवा. मी लिहिलं असतं तर असं: ‘दिनांक अमुक रोजी तालमीच्या वेळी माझ्या मुलीला इजा झाली. त्या वेळी दोन्ही मुलांजवळ मोठी व्यक्ती नव्हती. वर्गातील दिव्यांग विद्यार्थ्याची जबाबदारी माझ्या मुलीवर सोपवू नये. त्या विद्यार्थ्यासाठी विशेष शिक्षकाची व्यवस्था शाळा कधीपर्यंत करणार, हे लेखी कळवावे.’ पोचपावती घ्या.

विशेष शिक्षक मागणं म्हणजे चैन मागणं नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणाच्या निकालात प्रमाण सांगितलंय: प्राथमिकला दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढच्या वर्गांना पंधरांमागे एक. पुरेशा नेमणुका होईपर्यंत जवळपासच्या शाळांनी मिळून एक शिक्षक वाटून घ्यावा, हा मार्गही त्याच निकालात आहे. बाकीच्या शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देण्याचंही त्यात आहे. ‘आमच्याकडे असं एकच मूल आहे’ असं शाळा म्हणाली तर शेजारच्या शाळांशी बोला म्हणावं, आणि समग्र शिक्षा या सरकारी योजनेतले समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक शहर साधन केंद्रातून मार्गदर्शनाला येऊ शकतील का, ते महापालिकेच्या शिक्षण विभागात विचारा. एका खेपेत काम होणार नाही. पण तीन पालक मिळून गेलात तर फाईल हलते, हा माझा अनुभव आहे.

पैशावाचून होणाऱ्या गोष्टी तर सोमवारपासून होऊ शकतात. दिवसाचे तास चित्रांत काढून त्याच्या बाकावर चिकटवणं. तालमीच्या वेळी त्याला दाराजवळ उभं करणं, म्हणजे हवं तेव्हा बाहेर जाता येईल. कानांवर लावायचे हेडफोन घरून आणू देणं. हात ओढण्याऐवजी समोरून, कमी शब्दांत सांगणं. बसायला एक शांत कोपरा, ग्रंथालयातला चालेल. यातलं त्याला नेमकं काय लागतं ते त्याच्या आईला विचारायचं, कारण प्रत्येक मूल वेगळं. माझ्या मुलाला शिट्टीचं काहीच वाटायचं नाही, पण ट्यूबलाइटची घूं घूं त्याला बसू द्यायची नाही, आणि ती घूं घूं ऐकू येते हेच आम्हाला दोन वर्षं माहीत नव्हतं.

त्या व्हिडिओबद्दल मला तुमच्याकडून एक हवंय. ज्याने टाकला त्याला खासगीत फोन करा आणि काढून टाकायला सांगा, ग्रुपवर वाद नको. सात वर्षांचं मूल सगळ्यात वाईट क्षणात जमिनीवर पडलंय, आणि ते चाळीस घरांत चहा पिताना पाहिलं गेलं. त्याच्या जागी आपलं मूल उलटी करताना किंवा चड्डी ओली झालेलं असतं तर? एवढं विचारलंत तरी बहुतेक माणसं गुपचूप डिलीट करतात. माणसं दुष्ट नसतात, ताई, घाबरलेली असतात. २९ जणांपैकी निम्म्यांना तरी अर्जात काय आहे ते नीट माहीत नसेल, आधी शेजारणीची सही दिसली म्हणून त्यांनी केली असेल.

मिस्टरांना चुकीचं ठरवू नका. त्यांचा राग मुलीच्या मनगटापायी आहे, तो योग्यच आहे. त्यांना एवढंच विचारा, की तो मुलगा उद्या गेला तरी वर्गात ४५ मुलं आणि एकच बाई उरणार. पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाचं काही झालं, कुणाला फिट आली, कुणी जिन्यावरून पडलं, तर तिथे कोण असेल? विशेष शिक्षकाच्या अर्जावर दुसरी सही त्यांची घ्या. ते करतील असं मला वाटतं.

लेकीची जागा बदलून घ्या. यात अपराधी वाटू देऊ नका. ‘मग त्याच्याजवळ कोण बसणार?’ हा प्रश्न शाळेचा आहे. पण जागा बदलताना तिलाही विचारा, कारण अशी जोडी आपल्याला वाटते त्याहून वेगळी असू शकते. दीड वर्ष शेजारी बसलेली मुलं एकमेकांबद्दल असं काही जाणत असतात, जे बाईंनाही माहीत नसतं. ती म्हणाली ‘मला तिथेच बसायचंय’, तर मैत्रीण म्हणून बसू द्या, त्याची वही काढायला नाही. ‘नको’ म्हणाली तर नको. त्याच्याबद्दल तिने विचारलं तर खरं सांगा: त्याचा मेंदू थोडा वेगळ्या पद्धतीने चालतो, त्याला मोठा आवाज सहन होत नाही, त्याला बोलून सांगणं अवघड जातं. सात वर्षांच्या मुलीला एवढं पुरतं. ‘बिच्चारा’ हा शब्द मात्र घरात आणू नका. एकदा बिच्चारा झालेल्या मुलाशी कुणी खेळत नाही.

आणि त्याच्या आईला फोन करा. अर्ज देण्याआधी करा, म्हणजे तिला दुसऱ्याकडून कळायला नको. उपाय सांगायला करू नका. तिने आजवर आहारापासून अंगाऱ्यापर्यंत सगळे सल्ले ऐकलेले असणार. माफी मागायलाही करू नका आणि तिने मागितली तर थांबवा. नंबर ग्रुपमध्ये असेलच. पहिलं वाक्य एवढंच असू द्या, की माझ्या मुलीचा हात आता बरा आहे. त्या तालमीच्या दिवसापासून ती तेवढ्यासाठी थांबलेली असेल आणि तुम्हाला फोन करायचं तिचं धाडस झालं नसेल.